कोकणातली विनोदी पात्रं आणि ती करणारे नट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. हौशी मंडळाच्या एकांकिका बसवणं आणि बोलीतले संवाद तपासून देणं हे काम गेली बावीस वर्षं करतोय. त्यामुळे मुंबईत ऑडिशनला निघालेली पोरं, कॉलेजात प्रकल्प करणाऱ्या मुली, सुट्टीत गावी आलेले चाकरमानी असे बरेच जण फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

मालवणीत बोललं की विनोद आपोआप होतो का?

नाही. सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने केलंय. मालवणी ही आमची रोजची भाषा आहे. मयताचा निरोप तिच्यातच जातो, सावकाराशी बोलणी तिच्यातच होतात, आई पोराला तिच्यातच निजवते. ज्याच्या कानाला सवय नाही त्याला नुसती बोली ऐकून हसू येतं, पण ते दोन मिनिटांत संपतं. त्यापुढे अडीच तास हसवायचं असेल तर माणूसच उभा करावा लागतो.

आमच्याकडच्या विनोदाची खरी जागा गंभीर चेहऱ्यात आहे. एक प्रसंग सांगतो. आमच्या शेजारच्या आबांचा माड पावसाळी वाऱ्यात कोसळला, नेमका गोठ्यावर. वाडी जमली. कौलं फुटलेली, गुरं बाहेर काढलेली. एवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने थांबून विचारलं, "आबांनू, माड पडलो?" आबा कौलं मोजता मोजता म्हणाले, "नाय रे, दमलो हुतो, वायच आडवो झालो." मानसुद्धा वर केली नाही. त्या वेळी कोणीच हसलं नाही. संध्याकाळी मात्र प्रत्येक खळ्यात तेच वाक्य फिरत होतं.

या वाक्यात मालवणी शब्द किती आहेत ते मोजून काही हाती लागणार नाही. नुकसान झालेल्या माणसाने उगाच विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर आहे, आणि ते देताना त्याचं काम थांबलेलं नाही. नटाने हे पकडलं की बोली मागून येते.

संकासुर हा राक्षस की विनोदी पात्र?

दोन्ही, आणि म्हणूनच तो मला आमच्या सगळ्या विनोदी नटांचा मूळपुरुष वाटतो.

दशावतार म्हणजे जत्रेत देवळापुढे होणारं आमचं लोकनाट्य. त्या खेळाचा पहिला भाग म्हणजे आड-दशावतार. सूत्रधार येतो, गणपती येतो, सरस्वती येते आणि मग संकासुर. वेद पळवणारा तो शंखासुर. शेवटी विष्णूच्या हातून त्याचा वध होतो. अंगभर काळं, तोंडावर काळा मुखवटा आणि त्यातून लोंबणारी लाल जीभ. बघायला भयंकर. पण तो तोंड उघडतो आणि अख्खी जत्रा सैल होते, कारण रंगमंचावरचे बाकीचे ग्रंथांतली जड मराठी बोलत असतात आणि हा एकटा मालवणी बोलतो. देव परका वाटतो आणि राक्षस वाडीतला वाटतो!

सूत्रधाराशी त्याची जुगलबंदी चालते तेव्हा त्याला कुठलाही विषय वर्ज्य नसतो. बंद पडलेली नळयोजना, रस्त्याचे खड्डे, मानपानावरून झालेली भांडणं. गावात जे उघड बोलायची सोय नाही ते संकासुर बोलतो. ज्याच्यावर बोललं जातं तो समोरच बसलेला असतो, आणि त्यालाही हसावं लागतं, कारण राक्षसाशी भांडणार कसं? ही मोकळीक गावाने त्या सोंगाला दिलेली आहे. मुखवटा उतरला की तो नटसुद्धा तसं बोलणार नाही.

रत्नागिरीकडे संकासुर वेगळा दिसतो. शिमग्यात आणि तिकडच्या नमन-खेळे या लोकनाट्यात तो काळा झगा, उंच टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं अशा वेषात येतो. तिथे तो बोलण्यापेक्षा नाचण्यात आणि पळापळ करण्यात जास्त असतो.

दशावतारात संहिता नसते म्हणतात. मग विनोदही आयत्या वेळचा?

आख्यान, म्हणजे त्या रात्रीची पुराणातली गोष्ट, ठरलेलं असतं. रंगपटात, म्हणजे नट रंगतात त्या जागी, सोंगं वाटली जातात, कोण कधी येणार आणि युद्ध कुठे होणार याचं बोलणं होतं. संवाद ज्याचे त्याने बोलायचे. साथीला हार्मोनियम, पखवाज आणि झांज.

विनोदी नट काही हुकमी गोष्टी गाठीशी ठेवतो, हे खरं आहे. पण त्या गोष्टी त्या रात्री त्या गावात लागू पडतील की नाही हे समोरच्याचं ऐकूनच ठरतं. आमच्या मुलांना मी सांगतो की दशावतारातल्या विनोदी नटाचं तोंड बघू नका, कान बघा. राजा बोलत असताना तो बाकाशेजारी उभा राहून काय करतो ते बघा. चांगला नट तेव्हा हालचाल थांबवतो. वाईट नट तेव्हाही लोकांना हसवत राहतो आणि राजाचं भाषण मारतो.

'वस्त्रहरण' एवढं का चाललं?

गंगाराम गवाणकर यांचं हे नाटक १९८० मध्ये रंगमंचावर आलं. गवाणकर राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. तात्या सरपंच रंगवणारे मच्छिंद्र कांबळी मालवणजवळच्या रेवंडीचे. सुरुवातीच्या प्रयोगांना गर्दी नव्हती. पु. ल. देशपांडे यांनी नाटक पाहून कौतुकाचं पत्र लिहिलं आणि मग चित्र पालटलं. पुढे या नाटकाने पाच हजारांहून अधिक प्रयोगांचा पल्ला गाठला. मालवणी नाटक शिवाजी मंदिरात हाऊसफुल्ल जातं, हे चाकरमान्यांच्या एका अख्ख्या पिढीने छाती फुगवून सांगितलंय.

आता का चाललं ते. गोष्ट साधी आहे. गावकरी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक करायला निघतात आणि एकामागून एक अडचणी येतात. पण त्यातला एकही माणूस मूर्खपणा करायचा म्हणून करत नाही. प्रत्येकाला ते नाटक व्हायला हवं आहे. ज्याने गावात कधी नाटक बसवलंय, ज्याचा भीम ऐन वेळी रुसलाय, ज्याला पडदा ओढणारा माणूस सापडलेला नाही, त्याला ते हसू आतून येतं. मुंबईच्या प्रेक्षकाला गावच्या लोकांना हसायची जागा मिळाली नाही, त्याला स्वतःच्या गावाची आठवण मिळाली.

आणि मच्छिंद्र कांबळी. त्यांचा तात्या आवाज चढवतो, खेकसतो, पण त्याच्या हातात कारभार आहे हे आपण एक क्षणही विसरत नाही. आमच्याकडच्या सरपंचाला असतो तसा तो ताठा आहे. नकला करणारे बरेच जण त्यांचा आवाज उचलतात आणि ताठा सोडून देतात. मग उरतं ते ओरडणं.

त्यांनी 'भद्रकाली' ही संस्था चालवली आणि 'पांडगो इलो रे बा इलो', 'घास रे रामा', 'येवा कोकण आपलाच असा' अशी मालवणी नाटकं लोकांपुढे आणली. ते २००७ मध्ये गेले. गवाणकर २०१६ साली ठाण्याच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्या मंडळाच्या मुलांनी इथे पेढे वाटले होते. २०२५ मध्ये तेही गेले. त्या रात्री आम्ही तालीम केली नाही, नुसते बसून राहिलो.

मालवणी, संगमेश्वरी, कोकणी हे सगळं एकच ना?

नाही हो. आणि नट याच जागी पकडला जातो.

मालवणी सिंधुदुर्गाची. संगमेश्वरी रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर, देवरूख, चिपळूण या पट्ट्यातली. रायगडात गेलात की आगरी आणि कोळी बोली. गोव्याची कोकणी ही वेगळी भाषाच आहे. मुंबईत या सगळ्यांना मिळून "कोकणी" म्हणतात, आणि मग एकाच स्किटमध्ये नवरा मालवणचा, बायको अलिबागची आणि मुलगा पणजीचा असल्यासारखा बोलतो.

मालवणीची एक खूण सांगतो. "मी जातंय", "मी इलंय" हे पुरुष आणि बाई दोघंही म्हणतात. प्रमाण मराठीतल्यासारखा "जातो-जाते" असा फरक त्यात नाही. नवखा नट हटकून "मी जातो हां" म्हणतो आणि "हां" वर सगळी मालवणी भागवतो. दुसरी खूण अशी की नपुंसकलिंगाला शेवटी "आ" येतो. "माझं घर" चं "माझा घर" होतं. म्हणून "कोकण आपलाच असा". टी-शर्टवर "आपलोच" छापलेलं दिसतं तेव्हा माझ्या जिवाची तगमग होते, कारण पुढच्या पिढीतलं पोर तेच बरोबर समजणार.

संगमेश्वरीची लय अगदी निराळी आहे, शब्द झुलवत पुढे जाणारी. देवरूखचे वैभव मांगले ती बोलतात तेव्हा तिचं सौंदर्य कळतं. 'टाईमपास' मधला त्यांचा शाकाल साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. त्यात ही बोली नाही, पण पुढचं पाऊल टाकण्याआधी क्षणभर थांबायची ती सवय मला त्यातही दिसते.

पांडू एवढा लोकांच्या मनात का बसला?

'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झाली. चित्रीकरण आमच्या कुडाळ तालुक्यातल्या आकेरीला. पांडू हा नाईकांच्या वाड्यातला गडी, आणि ते काम प्रल्हाद कुडतरकर यांनी केलं. मालिकेचे संवादही तेच लिहीत होते. मला वाटतं, सगळं रहस्य इथेच आहे. संवाद लिहिणाऱ्याचा कान आणि बोलणाऱ्याची जीभ एकाच माणसाची होती.

"इसारलंय", म्हणजे विसरलो, हा एवढाच शब्द. पण तो येण्याआधी काय होतं ते आठवा. घरातलं कोणीतरी घाईने काहीतरी विचारतं. पांडू थांबतो. डोळे कुठेतरी लांब लागतात. आता हा काहीतरी सांगणार म्हणून समोरचा पुढे झुकतो. आणि मग तो शब्द, अगदी खालच्या सुरात. नकला करणारे थेट शब्दावर येतात, मधली वाट चालतच नाहीत.

शिवाय ती भयकथा होती. भीती सतत वाढवत नेली तर ती बोथट होते. पांडू आला की घरातलं लहान पोर पांघरुणातून डोकं बाहेर काढायचं, आणि नेमकं तेव्हाच पुढचा धक्का बसायचा.

मालिका सुरू झाली तेव्हा कोकणाची बदनामी होते म्हणून इथे आक्षेपही घेतले गेले. भुताखेतांच्या बाबतीत ती तक्रार मला समजते. पण इथल्या स्थानिक नटांना त्या मालिकेने काम दिलं आणि मालवणी घराघरांत नेली, हेही तितकंच खरं. पुढे २०१७ मध्ये 'गाव गाता गजाली' आली, तिचं लेखनही कुडतरकरांचंच. त्यात भूत नव्हतं, नुसत्या गजाली होत्या. गजाल म्हणजे गप्पा, आणि त्याच गप्पांत सांगितलेली गोष्टही. मला ती मालिका जास्त जवळची.

'हास्यजत्रे' मधले कोकणातले नट कोणते? त्यांचं काम तुम्हाला कसं वाटतं?

'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सोनी मराठीवर २०१८ पासून. ओंकार भोजने चिपळूणचे. त्यांचं ते "अगं अगं आई" लहान पोरांनाही पाठ आहे. प्रभाकर मोरे यांचा 'शालू झोका दे गो मैना' वरचा नाच बघितला की मला थेट जाखडी, आमचा गणपतीतला समूहनाच, आठवते. खांदे सैल, गुडघे वाकलेले, चेहरा एकदम गंभीर. ही चाल क्लासमध्ये शिकवून येत नाही. गणपतीत घरोघर नाचलेल्या पायांना ती येते.

स्किटची एक अडचण आहे. दहा-पंधरा मिनिटांत सारखं हशा वसूल करायचा असतो. आमचा विनोद मुळात संथ, त्याला जागा लागते. त्यामुळे कोकणातल्या नटाला टीव्हीवर पहिल्यांदा आपला वेग बदलावा लागतो. ज्यांनी वेग बदलला आणि तरी ती मधली शांतता थोडी राखली, ते टिकले. भोजने यांच्याकडे ती आहे. मुलांना मी त्यांची स्किटं आवाज बंद करून बघायला सांगतो.

लक्ष्मीकांत बेर्डे, दिलीप प्रभावळकर कोकणातले होते का?

दोघंही मुंबईत वाढलेले नट. प्रभावळकर यांनी मात्र कोकणातले दोन म्हातारे असे केले आहेत की इथल्या लोकांनी त्यांना आपलंच मानलंय. एक 'नारबाची वाडी' (२०१३) मधला नारबा आणि दुसरा 'दशावतार' (२०२५) मधला बाबुली मेस्त्री. दुसरा विनोदी नाही, पण ऐंशी ओलांडलेल्या नटाने आमच्या दशावताराला दिलेला तो मान आहे.

अंतू बर्व्याला विनोदी पात्र म्हणायचं का?

पु. लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली' मधला अंतू हा रत्नागिरीच्या मधल्या आळीतला. तो दुसऱ्यांना हसवतो, पण स्वतः हसत नाही, आणि त्याच्या प्रत्येक टोमण्याखाली काहीतरी दुखतंय. रंगमंचावर अंतू करू बघणारे बहुतेक जण टोमणे जोरात फेकतात. माझं मत असं की अंतू करायचा तर आधी त्याचं एकटेपण पाठ करा. टोमणे मग हळू बोललात तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात.

विनोदी कामं सगळी पुरुषच का करत आले?

दशावतार काय, नमन काय, खेळे काय, परंपरेने सगळे पुरुषांचे. नमनातल्या गवळणीच्या भागात कृष्णाला अडवणारी आणि त्याच्या सवंगड्याशी, पेंद्याशी, वाद घालणारी मावशी हीसुद्धा लुगडं नेसलेला बाप्याच. चांगल्या मावशीला मी कमी लेखत नाही. आमच्या ओळखीचे एक जुने खेळे होते, ते मावशी करताना पदर सावरायची लकब आपल्या सख्ख्या चुलतीकडून शिकले होते. लोक हसायचे ते मावशीच्या बोलण्याला. लुगड्यातल्या पुरुषाला कोणी हसत नव्हतं. टीव्हीवर साडी नेसलेला नट आला की नुसत्या साडीवर हसू मागितलं जातं, तेव्हा मला ती चुलती आठवते आणि वाईट वाटतं.

आणि खरं सांगायचं तर कोकणातला सगळ्यात तिखट विनोद बायकांकडेच आहे. भादव्यात गौरीपुढे फुगड्या चालतात त्या कधी जवळ बसून ऐका. सासू, नणंद, मुंबईला गेलेला नवरा, कोणी सुटत नाही. भात लावताना, विहिरीवर, काजू फोडताना जे बोलणं चालतं त्यातून दहा मालिका निघतील. आता मुली रंगमंचावर येऊ लागल्यात. आमच्या मंडळात गेल्या सहा वर्षांत विनोदी कामासाठी मुलगेच घ्यायचे हा प्रश्न उरलेला नाही. एक मुलगी आपल्या आजीचंच पात्र लिहून आणते आणि आजी पहिल्या रांगेत बसून चुका काढते.

शिव्यांशिवाय मालवणी विनोद होत नाही, हे खरं का?

"मेल्या" ही शिवी मानायची का, ते आधी ठरवा. माझी आजी माझ्या पाठीवर हात फिरवून "वशाड मेलो, किती वाळलंस" म्हणायची. त्यात माया सोडून काही नव्हतं. आमच्याकडे शिवी नात्यावर अवलंबून असते. ज्याच्या घरी तुम्ही पेज प्यायलात त्यालाच ती देता येते. पडद्यावर दोन अनोळखी पात्रं भेटल्या भेटल्या शिव्या देतात तेव्हा इथला प्रेक्षक हसत नाही, अवघडतो. मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंत हल्ली नुसत्या शिव्याच असतात. ते करणाऱ्या पोरांकडे कसब आहे, म्हणून जास्त हळहळ वाटते.

कोकणी पात्र नेहमी दारुडं, आळशी नाहीतर भांडखोर का दाखवतात?

लिहिणाऱ्याला दुसरं कोणी माहीत नसतं म्हणून. कोकणातल्या माणसाचा कज्जेदलालीचा स्वभाव, आंब्याच्या बागेवरचे वाद, हे सगळं आहे, नाकारत नाही. पण चार महिने तारवावर असणारा खलाशी, पहाटे उठून कुळीथ झोडणारी म्हातारी, एसटीच्या टपावर फणस चढवणारा हमाल यांच्यातला विनोद कोणी शोधत नाही.

आमच्या एका मुलाला मुंबईत गड्याच्या कामासाठी बोलावलं होतं. त्याने आपल्या आजोबांची चाल घेतली. हळू बोलणं, उत्तर देण्याआधी खांद्यावरचा पंचा झटकणं. समोरच्यांनी थांबवलं आणि सांगितलं, यात कोकण दिसत नाही, जरा अंग खाजव, मोठ्याने ओरड. त्याने दोनदा तसं केलं. काम मिळालं नाही. गाडीतून उतरल्यावर त्याने मला विचारलं, "सर, माझो आजो कोकणातलो नाय काय?" त्या मुलाचं नाव मी इथे लिहीत नाही, पण तो प्रश्न मी विसरलेलो नाही, आणि संवाद तपासताना दर वेळी तो माझ्या शेजारी असतो.

कोकणात घडणारे विनोदी चित्रपट कोणते बघू?

'नवरा माझा नवसाचा' (२००४) आधी बघा. मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली एसटी आणि अशोक सराफ यांचा कंडक्टर. एसटीने कोकणात आलेल्या प्रत्येकाने तो कंडक्टर एकदा तरी भोगलाय. दुसऱ्या भागात (२०२४) एसटीची जागा रेल्वेने घेतली आणि अशोकमामा टीसी झाले. 'नारबाची वाडी' मूळ बंगाली नाटकावरून घेतलंय, पण जमीन, खोत आणि मरायला तयार नसलेला म्हातारा हे इतकं इथलं आहे की ते आठवतच नाही. हिंदीत 'मुंज्या' (२०२४) आहे. भीती आणि हसू यांची आमची जुनी सोयरीक त्यात दिसते.

मला कोकणी विनोदी पात्र करायचंय. बोली कशी शिकू?

व्हिडिओ बघून शिकू नका. ती नकलेची नक्कल होते.

एक माणूस निवडा. एकच. त्याचं वय, धंदा, गाव नक्की करा. मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचा मासेमार आणि सावंतवाडीचा लाकडी खेळणी करणारा कारागीर एकसारखं बोलत नाहीत. त्या माणसाबरोबर किमान चार दिवस राहा आणि पहिले दोन दिवस काही लिहून घेऊ नका. त्याची बसायची पद्धत बघा. आमची माणसं उकिडवी बसून लांबलचक बोलतात, आणि तसं बसल्यावर श्वास आखूड होतो, म्हणून वाक्यं तुटक येतात. हे मला आमच्या एका जुन्या दशावतारी नटाने दाखवून दिलं. त्याने मला पायरीवर उकिडवं बसवलं आणि तेच वाक्य पुन्हा बोलायला लावलं. खुर्चीत बसून जे महिनाभर जमत नव्हतं ते तिथे एका दमात जमलं.

मग गाऱ्हाणं पाठ करा. देवाला साद घालून मागणी मांडायची आणि सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. वाक्य कुठे चढवायचं, कुठे सोडायचं, लोकांना उत्तर द्यायला जागा कुठे ठेवायची, हे सगळं त्यात आहे. विनोदी संवादाची फेक अगदी तीच असते. लोकांच्या हसण्याला "होय म्हाराजा" समजा आणि ते संपेपर्यंत थांबा.

आणि बोललेलं त्या माणसालाच ऐकवा. तो हसला नाही, पण "असोच बोलतंय मी" म्हणाला, तर तुमचं काम झालं.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं तर कधी आणि कुठे यायचं?

दशावतार बघायचा तर कार्तिकात तुळशीची लग्नं लागली की हंगाम सुरू होतो आणि वैशाखापर्यंत चालतो. त्या महिन्यांत सिंधुदुर्गात रोज कुठे ना कुठे जत्रा असते. मोचेमाडकर, आरोलकर, पार्सेकर, चेंदवणकर, वालावलकर ही जुनी मंडळं. गावात चौकशी करा, कुठल्या देवळात कुठलं मंडळ आहे ते चहाच्या टपरीवर कळतं. पालखी झाल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास नाटक उभं राहतं आणि पहाटे दहिकाल्याने संपतं. चादर आणा, थंडी वाजते. खाजं, जत्रेतला गोड खाऊ, घ्या. पुढे बसा, पण समया-पालखीची वाट सोडून.

नमन आणि संकासुर बघायचे तर शिमग्याला रत्नागिरी जिल्ह्यात या. जाखडी गणपतीत. नाटकांसाठी मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह, रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह, चिपळूणचं इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र.

रंगपटात जायची इच्छा असेल तर आधी मालकाला विचारा आणि चप्पल बाहेर काढा. पेटाऱ्याची तिथे पूजा झालेली असते.

लहान मुलं संकासुराला घाबरतात. त्यांना आणावं का?

आणा. फक्त खेळ सुरू होण्याआधी घेऊन या. नट भिंतीला छोटा आरसा टेकवून आपल्या हाताने रंग लावत बसलेले असतात, ते त्यांना लांबून दाखवा. काळे कपडे घातलेला माणूस मुखवटा मांडीवर ठेवून बशीतून चहा पितोय, हे एकदा बघितलं की अर्धी भीती जाते.

उरलेली तो नटच घालवतो. मागच्या जत्रेला आमच्या वाडीतली चार वर्षांची पोर आजीच्या मांडीवर किंचाळायला लागली. संकासुर बोलता बोलता थांबला. रंगमंचाच्या कडेला आला, उकिडवा बसला, जीभ हाताने बाजूला केली आणि अगदी हळू म्हणाला, "भियेव नको गो बाये. मी सुद्धा तुझ्या आजयेक भियतंय." आजीने पदर तोंडाला लावला. पोरीने आधी आजीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि हातातल्या खाजाचा एक तुकडा पुढे केला. त्याने तो घेतला, मुखवट्याच्या आत ढकलला आणि चावत चावतच विष्णूशी लढायला गेला.